स्वतःला इजा करणारे तरुण मन : समज आणि आधार

तथागतांनी सारनाथ येथे पाच परिव्राजकांना जो पहिला उपदेश केला, त्यात दोन टोके टाळावयास सांगितली आहेत. एक टोक कामसुखात बुडून जाण्याचे आणि दुसरे स्वतःच्या देहाला क्लेश देण्याचे. ह्या दुसऱ्या टोकास पाली भाषेत 'अत्तकिलमथानुयोग' अशी संज्ञा आहे. विहारांतून तिचे विवेचन करताना आपण बहुधा उपाशी राहणाऱ्या आणि काट्यांवर झोपणाऱ्या तपस्व्यांची उदाहरणे देतो. परंतु देहाला क्लेश देणारी व्यक्ती आज आपल्या घरातही असू शकते. ती तपस्वी नसते. ती नववी-दहावीत शिकणारा मुलगा असते, वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी असते किंवा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात वर्षे घालविणारा पदवीधर असतो. असह्य मनोवेदनेतून क्षणभर सुटका मिळावी एवढ्यासाठी ती स्वतःच्या शरीराला इजा करते, आणि ती इजा कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून धडपडते.

प्राचीन काळची तपश्चर्या आणि आजच्या तरुणांची ही वेदना एकच आहेत, असे आमचे म्हणणे नाही. तपस्वी मुक्तीच्या कल्पनेने देह झिजवीत असे. आजचा तरुण दुसरा मार्ग न सुचल्यामुळे तसे करतो. तथापि दोहोंना तथागतांची दृष्टी लागू पडते. देहाला छळून दुःख संपत नाही, आणि दुःखितास दोष देऊनही ते संपत नाही. दुःखाचे अस्तित्व मान्य करणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखविणे हाच धम्माचा पाया आहे, असे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात स्पष्ट केले आहे. त्याच क्रमाने ह्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

स्व-इजा म्हणजे काय?

मरण्याचा हेतू नसताना स्वतःच्या शरीराला जाणूनबुजून इजा करणे, ह्यास मानसशास्त्रात स्व-इजा असे म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत अधिक अभ्यासाची गरज असलेली अवस्था म्हणून तिची स्वतंत्र नोंद केली. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, किशोरवयीनांपैकी सुमारे १७ टक्के मुलामुलींनी आयुष्यात केव्हा ना केव्हा असे केल्याचे आढळले. प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे साडेपाच टक्के होते. बहुधा १२ ते १४ वर्षे वयाच्या आसपास ह्याची सुरुवात होते. मुलींमध्ये प्रमाण अधिक आढळत असले तरी मुलगे त्यातून सुटलेले नाहीत. मुलाच्या अंगावरची जखम खेळताना किंवा भांडणात झाली असेल असे आपण गृहीत धरतो, म्हणून ती आपल्या लक्षात येत नाही इतकेच.

ह्या विषयासंबंधी तीन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, हे 'लक्ष वेधून घेण्याचे नाटक' आहे. वस्तुतः बहुसंख्य मुले आपल्या खुणा लपवितात. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालतात, पोहण्यास किंवा खेळास जाण्याचे टाळतात. आणि एखाद्याने खरोखरच कोणाचे लक्ष जावे म्हणून तसे केले असेल, तर त्याला लक्ष देण्याचीच गरज आहे, हाच त्याचा अर्थ होतो. दुसरा गैरसमज, हे वेडाचे लक्षण आहे किंवा 'बाहेरची बाधा' आहे. भगताकडे किंवा बाबाकडे नेल्याने मुलाचा आजार जात नाही. त्याची लाज मात्र वाढते. तिसरा गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. कोणी ह्याला आत्महत्येचा प्रयत्न समजून घाबरून जातात, तर कोणी 'मरायचे नव्हते ना, मग झाले' म्हणून सोडून देतात. स्व-इजा आणि आत्महत्येचा प्रयत्न ह्या भिन्न गोष्टी आहेत. परंतु जो वारंवार स्वतःला इजा करतो त्याच्या बाबतीत पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, हे संशोधनाने दाखविले आहे. म्हणून घाबरून जाऊ नये आणि दुर्लक्षही करू नये.

दुःखाची कारणे

आपण असे का केले, असे विचारले असता तरुणांकडून जी उत्तरे मिळतात त्यांत एक उत्तर सर्वाधिक आढळते : मनातला कल्लोळ सहन होईना. राग, लाज, भीती, एकटेपणा ह्यांचा लोंढा येतो, आणि इजेमुळे तो थोडा वेळ ओसरतो. काहींना ह्याच्या उलट अनुभव येतो. त्यांचे मन इतके बधिर झालेले असते की, आपण जिवंत आहोत ह्याची खूण त्यांना हवी असते. काही जण स्वतःला शिक्षा करीत असतात, कारण आपणच वाईट आहोत अशी त्यांची खात्री झालेली असते. आणि काहींना जे शब्दांत सांगता येत नाही ते शरीराकडून सांगावयाचे असते.

ह्यातून मिळणारा दिलासा अल्पकाळ टिकतो. पाठोपाठ लाज येते, लपवाछपवी येते, आपण हरलो अशी भावना येते, आणि त्या भावनेतूनच पुन्हा तीच ओढ निर्माण होते. असे हे चक्र आहे. ते ज्यात अडकले आहेत त्यांना 'सोडून दे' असे सांगणे सोपे असते. पण चक्र कोणत्या कारणांनी फिरते ते पाहिल्यावाचून ते थांबत नाही. कारण असेल तर कार्य होईल आणि कारण नाहीसे झाले तर कार्यही नाहीसे होईल, हा धम्माचा कार्यकारणभाव येथे अक्षरशः लागू पडतो.

ही कारणे केवळ मनात नसतात. घरातील मारहाण, व्यसनी वडील, लैंगिक अत्याचार, परीक्षेतील अपयशाची धास्ती, वर्गातील टिंगलटवाळी, मोडलेले प्रेमसंबंध, समलिंगी आकर्षण कोणाला सांगता न येणे, अशा अनेक गोष्टी त्यामागे असतात. आपल्या समाजातील तरुणांच्या बाबतीत त्यात जातीच्या अपमानाची भर पडते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या चौकशीसाठी प्रा. सुखदेव थोरात ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००७ साली अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वर्गात, परीक्षेत आणि वसतिगृहात वेगळे वागविले जाते, हे त्या अहवालाने पुढे आणले. गुण कमी पडले तर 'राखीव जागेवरचा' आणि गुण चांगले पडले तरीही 'राखीव जागेवरचा', हे रोज ऐकणारा विद्यार्थी आतल्या आत किती सोसत असेल ह्याची कल्पना आपण करू शकतो.

संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. एक बाण लागलेल्या माणसाला दुसराही बाण लागावा, तसे सामान्य मनुष्याचे होते : शरीराला वेदना होते आणि तीमुळे मनही विव्हळते. अपमानित तरुणाचा दुसरा बाण म्हणजे 'दोष माझाच आहे, मी ह्याच लायकीचा आहे' हा विचार होय. हा दुसरा बाण उपटून काढण्यास त्याला मदत केली पाहिजे. मात्र पहिला बाण कोणीतरी मारलेला असतो, ह्याचा विसर पडता कामा नये. तो मारणारे हात रोखणे हे समाजाचे काम आहे. ते तरुणाच्या मनःशांतीवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

बाबासाहेबांचे अश्रू

येथे आपल्याच घरातील एका वाक्याविषयी लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. मुलगा खचला की वडीलधारी माणसे म्हणतात, "बाबासाहेबांनी एवढे सोसले, आणि तुला एवढेसुद्धा सोसवत नाही?" हे वाक्य चांगल्या हेतूने उच्चारले जाते. परंतु ज्याला आपण नालायक आहोत असे आधीच वाटते आहे, त्याला ते आणखी एक शिक्षा ठरते.

बाबासाहेबांनी स्वतः काय लिहून ठेवले आहे ते पाहावे. १९१७ साली बडोद्यात नोकरीसाठी गेले असता, ते अस्पृश्य आहेत हे कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले. अठरा वर्षांनंतर त्या प्रसंगाविषयी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आत्मकथनात लिहिताना, तो आठवला की अद्यापही डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही, असे त्यांनी नमूद केले आहे. ज्या महापुरुषाने राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, त्याने आपली जखम लपविली नाही. ती कागदावर मांडली. दुःख बोलून दाखविणे हा दुबळेपणा नव्हे, हा धडा त्यांच्या चरित्रातून घेता येतो. बाबासाहेबांचे नाव तरुणाला दटावण्यासाठी न घेता, त्याला बोलते करण्यासाठी घ्यावे.

चक्र मोडता येते

ह्या दुःखावर उपचार आहेत. त्यांपैकी ज्या उपचारपद्धतीचा अभ्यास पुष्कळ झाला आहे ती 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी' होय. ती अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान ह्यांनी विकसित केली आणि १९९३ साली ग्रंथरूपाने मांडली. ह्या बाईंनी २०११ साली जाहीरपणे सांगितले की, वयाच्या सतराव्या वर्षी त्यांना स्वतःलाच मनोरुग्णालयात ठेवण्यात आले होते आणि त्या काळात त्या स्वतःला इजा करीत असत. ज्या खाईतून आपण बाहेर आलो तिच्यातून इतरांना बाहेर काढावे, ह्या निर्धाराने त्यांनी आपले आयुष्य ह्या कामास वाहिले.

बौद्ध वाचकांना विशेष वाटावे अशी गोष्ट ही की, लिनेहान ह्या श्रद्धेने कॅथॉलिक असूनही झेन परंपरेतील शिक्षकांकडे ध्यान शिकल्या, आणि त्या अभ्यासातील जागरूकतेचे तत्त्व त्यांनी आपल्या उपचारात आणले. ह्या पद्धतीत चार कौशल्ये शिकविली जातात : वर्तमान क्षणाविषयी जागरूक राहणे, भावना ओळखून त्यांना आवरणे, संकटाचा क्षण इजा न करता पार पाडणे आणि दुसऱ्याशी नीट बोलून आपले म्हणणे मांडणे. 'तू आहेस तसा मला मान्य आहेस' आणि 'तुला बदलावे लागेल' ह्या दोन गोष्टी उपचारक एकाच वेळी धरून ठेवतो. केवळ स्वीकार केला तर बदल होत नाही, आणि केवळ बदलाचा आग्रह धरला तर मूल दूर जाते. दोन टोके टाळून जाण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही.

नॉर्वेमध्ये ७७ किशोरवयीनांवर १९ आठवडे केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत ह्या पद्धतीने स्व-इजेचे प्रमाण अधिक घटल्याचे दिसून आले. इतरही उपयुक्त मानसोपचार आहेत. सोबत नैराश्यासारखा आजार असेल तर डॉक्टर औषधेही देतात.

राहुलास दिलेला आरसा

मज्झिमनिकायात अम्बलट्ठिका येथे तथागतांनी बालवयीन राहुलास केलेला उपदेश आहे. आरसा कशासाठी असतो, असे ते विचारतात. पाहण्यासाठी, असे राहुल उत्तरतो. त्याचप्रमाणे कोणतीही कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे, असे तथागत सांगतात. तिने मला इजा होते का, दुसऱ्याला होते का, दोघांनाही होते का? दुसऱ्याच्या इजेइतकीच स्वतःची इजाही येथे मोजली आहे, हे ध्यानात घ्यावे. आणि अशी कृती हातून घडून गेली असेल तर पुढे काय करावे? शास्त्याजवळ किंवा सुज्ञ सहकाऱ्याजवळ ती उघड करावी आणि पुढे संयम ठेवावा. तेथे मार नाही, उपवास नाही, प्रायश्चित्त नाही. ऐकणारे कोणीतरी सुज्ञ माणूस असणे, एवढी एकच अट आहे. तो सुज्ञ माणूस होणे हे आता आपले काम आहे.

मोठ्यांनी काय करावे?

मुलाच्या अंगावर खुणा दिसल्या किंवा त्याने स्वतः सांगितले, तर प्रथम आपला आवाज शांत ठेवावा. मारू नये, शपथा घालू नयेत, 'दाखव' म्हणून बळजबरी करू नये, नातेवाइकांसमोर विषय काढू नये. जखम असेल तर ती एरवीच्या जखमेसारखीच मायेने स्वच्छ करून तिची काळजी घ्यावी. 'तू सांगितलेस हे बरे केलेस, तुला किती त्रास होत असेल' एवढे म्हणावे आणि ऐकावे. 'का केलेस?' ह्यापेक्षा 'त्या वेळी मनात काय चालले होते?' हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

मरणाचे विचार मनात येतात का, हे स्पष्टपणे विचारावे. असे विचारल्याने नसलेला विचार मनात घातला जातो, ही भीती निराधार आहे. उलट बोलण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरातील धोकादायक वस्तू, औषधे आणि कीटकनाशके त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा काही विषारी पदार्थ अथवा जास्त औषध पोटात गेले असेल, तर रुग्ण बरा दिसत असला तरी वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

'कोणालाच सांगणार नाही' असे वचन मात्र देऊ नये. 'गरज पडली तर मदत करू शकणाऱ्यालाच सांगेन, आणि सांगण्यापूर्वी तुला कळवीन' असे म्हणावे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे.

विहारातील कार्यकर्त्यांनी आणि बालसंस्कार वर्ग घेणाऱ्यांनी ह्या विषयावर मोकळेपणी बोलावे. परंतु कोणा एकाचे उदाहरण व्यासपीठावरून सांगू नये. 'ध्यानाला बैस, सगळे ठीक होईल' असे सांगून उपचार टाळू नयेत. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांच्या नियमावलीतही गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिरास येऊ नये असा सल्ला दिलेला आहे. उपचार सुरू असताना थोडा वेळ आनापानसती करणे अनेकांना उपकारक ठरते. पण तिने तज्ज्ञाची जागा घेऊ नये.

मदत कोठे मिळते?

मानसोपचार म्हणजे येरवड्याला किंवा ठाण्याला पाठविणे, ही समजूत आता सोडली पाहिजे. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली शासकीय जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय करण्यात आली आहे. १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याखालील समुपदेशन केंद्रांना महाराष्ट्रात 'मैत्री' असे नाव आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे रुग्णालयात जात नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. उलट तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. हाच कायदा रुग्णास गोपनीयतेचाही हक्क देतो.

तरुण मित्रांनो,

हे वाचताना तुम्हांला स्वतःची आठवण झाली असेल, तर एवढे लक्षात ठेवा : तुम्ही वाईट नाही, वेडे नाही आणि एकटेही नाही. जी ओढ आता असह्य वाटते, ती लाटेसारखी चढते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंतचा वेळ काढावयाचा आहे. एकटे असाल तर जेथे माणसे आहेत तेथे जा. थंड पाण्याने तोंड धुवा, भरभर चाला, मनात येईल ते वहीत लिहा, मित्राला किंवा १४४१६ ला फोन करा. तोंडाने सांगणे जड जात असेल तर चिठ्ठी लिहून आपल्या विश्वासातल्या माणसाच्या हाती द्या : आई, मावशी, मोठी ताई, शिक्षिका, कोणीही. पहिल्या माणसाने समजून घेतले नाही, तर दुसऱ्याला सांगा. मध्येच पुन्हा एखादे वेळी हातून चूक घडली, तर सारे वाया गेले असे समजू नका. बरे होण्याची वाट अशी थांबत-थांबतच पुढे जाते.

आणि तुमच्या मैत्रिणीने किंवा मित्राने हे तुम्हांला सांगितले असेल, तर ते ओझे एकट्याने वाहू नका. मोठ्या, जबाबदार व्यक्तीला सांगणे ही चुगली नव्हे. तो कल्याणमित्राचा धर्म आहे.

सिद्धार्थाने सहा वर्षे देह झिजविला आणि अखेर ह्या मार्गाने दुःखमुक्ती नाही हे ओळखून अन्न घेतले. तेव्हा सोबतचे पाचही परिव्राजक त्याला भ्रष्ट समजून सोडून गेले. आपल्या देहाशी मायेने वागण्याचा निर्णय घेणाऱ्याच्या पाठीशी त्या दिवशी कोणी उभे राहिले नाही. आज आपल्या वस्तीतील एखादा मुलगा, एखादी मुलगी तोच निर्णय घेऊ पाहत असेल, तर त्यांच्या पाठीशी उभे राहण्यास आपण आहोत. विहाराचे दार त्यांच्यासाठी उघडे असावे, आणि आत ऐकून घेणारे माणूस असावे.